ठिबकाचे पाणी, पंपाची वीज आणि शंभर फुटांचा हिशेब

ठिबकामुळे पाणी वाचते, हे नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आता कोणी पटवून द्यावे लागत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत द्राक्षबाग लावायची म्हणजे मांडवाबरोबर ठिबक आलेच, हे इतके गृहीत धरले गेले आहे की सऱ्यांतून मोकळे पाणी देऊन वाढवलेली बाग नव्या पिढीतल्या अनेकांनी पाहिलेलीही नसेल. मात्र पाण्याबरोबर वीज किती वाचली, खरोखर वाचली की उलट वाढली, आणि त्यातून पदरात नेमके काय पडले, हा हिशेब गावातल्या पारावर क्वचितच निघतो. आमची बाग दिंडोरी तालुक्यात आहे आणि पंपाचे आकडे वहीत उतरवून ठेवण्याची मला सवय आहे. त्यामुळे हा विषय एकदा सविस्तर लिहावा, असे बरेच दिवस मनात होते.

हिशेब न निघण्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे कृषिपंपांची आकारणी वर्षानुवर्षे मीटरपेक्षा अश्वशक्तीवर होत आली. पंप चार तास चालला काय आणि आठ तास चालला काय, बिल तेच. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आणली आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासनानेच भरायचे ठरवले. शेजारच्या वस्तीवरचे एक भाऊ मला म्हणाले, "बिलच येत नाही, तर वीज वाचवायची कोणासाठी?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला देशहिताचे उत्तर देऊन भागत नाही. उत्तर त्यांच्या बांधावरच शोधावे लागते.

आधी साधे गणित. एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला किती ऊर्जा लागते, हे गुरुत्वाकर्षणाने ठरवून ठेवले आहे. त्यात कोणत्याही कंपनीला सूट देता येत नाही. तेच हजार लिटर शंभर मीटर उचलायचे तर किमान ०.२७ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात मोटर आणि पंप मिळून निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेत आणि घर्षणात घालवतात. दोन्हींची मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर तो आकडा ०.६८ युनिटावर जातो. पुढचे सगळे आकडे मी याच ४० टक्क्यांवर काढले आहेत. अनेकदा रिवाइंड केलेल्या जुन्या मोटरीची अवस्था याहून वाईट असते.

आता ठिबकाची गोष्ट. मोकळ्या पाण्याला पंपाने विहिरीच्या काठापर्यंत आणून सोडले की काम झाले. पुढे उतार त्याला वाहून नेतो. ठिबकाला मात्र दाब लागतो. लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ड्रीपरच्या नळीच्या, तोंडाशी साधारण एक किलो दाब हवा आणि एक किलो दाब म्हणजे पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ. त्यात वाळूचा सँड फिल्टर, जाळीचा स्क्रीन फिल्टर, पाण्यात खत ओढून घेणारी व्हेंच्युरी आणि मेनलाइन-सबमेन हे मोठे पाइप यांतले घर्षण मिळवले की विहिरीच्या खोलीवर आणखी वीसेक मीटरचा बोजा पंपावर पडतो. म्हणजे ठिबक पाणी कमी उचलते, पण प्रत्येक लिटर अधिक उंच उचलते. वीज वाचेल की वाढेल, हे या दोन गोष्टींतली कोणती मोठी, यावर ठरते.

दोन टोके घेऊ. कालव्याच्या पट्ट्यात एखाद्याच्या विहिरीला पाणी वर आहे आणि मोकळ्या पाण्यासाठी एकूण उचल दहा मीटर आहे. एका पिकाला त्याने मोकळे दहा लाख लिटर दिले तर सुमारे ६८ युनिट लागतील. ठिबकाने ४० टक्के पाणी वाचवून सहा लाख लिटर दिले, पण उचल तीस मीटर झाली, तर वीज लागेल १२२ युनिट. पाणी निम्म्याच्या जवळ आले आणि वीज पावणेदोन पटींवर गेली. याउलट चांदवड किंवा सिन्नरच्या कोरड्या भागात बोअरमधले पाणी ऐंशी मीटरवर असेल, तर मोकळ्या पाण्याला ५४५ युनिट आणि ठिबकाला १०० मीटर उचल धरून ४०९ युनिट. इथे चौथा हिस्सा वीज वाचली. संच तोच, पीक तेच, निकाल उलटा.

या दोन टोकांच्या मध्ये जिथे वीज ना वाचते ना वाढते, तो बिंदू काढणे अवघड नाही. ४० टक्के पाणीबचत आणि वीस मीटर जादा उचल धरली, तर तो तीस मीटरवर, म्हणजे शंभर फुटांवर येतो. पाणी शंभर फुटांच्या वर असेल तर ठिबक वीज वाचवत नाही, खाली असेल तर वाचवते. इथे बोअरची खोली धरायची नाही. पंप चालू असताना पाण्याची पातळी जिथे स्थिरावते, ती धरायची. चारशे फुटांच्या बोअरमध्ये ती दीडशेवरही असू शकते. शिवाय आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात पाणी साठवण्याची जागाच थोडी, त्यामुळे दिवाळीत पन्नास फुटांवर असलेले पाणी मे महिन्यात कुठल्या कुठे गेलेले असते. तोच संच वर्षातले काही महिने या रेषेच्या एका बाजूला आणि काही महिने दुसऱ्या बाजूला असतो.

तरी ही रेषा दगडावर कोरलेली नाही. जादा उचल वीस मीटरवरून बारावर आणली, तर तीच रेषा शंभर फुटांवरून साठ फुटांवर येते. ते आठ मीटर बहुतेक ठिकाणी पंपघराच्या चार भिंतींतच सापडतात.

कोणत्याही पंपघरात गेल्यावर मी आधी सँड फिल्टरच्या अलीकडचे आणि पलीकडचे दाबमापक पाहतो. बऱ्याच ठिकाणी त्यातला एक बंद असतो किंवा काटा गंजून एकाच आकड्यावर बसलेला असतो. दोन्ही चालू असतील आणि त्यांच्यात अर्ध्या किलोचा फरक दिसत असेल, तर फिल्टर तुंबला आहे आणि पंप पाच मीटरची उचल निव्वळ गाळाशी झुंजण्यात घालवत आहे. पाणी उलटे सोडून फिल्टर धुणारा बॅकफ्लशचा व्हॉल्व्ह फिरवला की आधी शेवाळाने हिरवट, मग मातकट आणि काही मिनिटांत स्वच्छ पाणी येते, आणि पलीकडचा काटा डोळ्यांदेखत वर सरकतो. या कामाला पैसे लागत नाहीत. तरी ते होत नाही, कारण फिल्टर तुंबला म्हणून कुणाला बिल येत नाही.

दुसरी जागा बायपासची. मोकळ्या पाण्याच्या काळात घेतलेला साडेसातचा पंप ठिबक आल्यावरही तसाच ठेवला जातो. समजा, तो तासाला पंचवीस हजार लिटर पाणी देतो आणि ठिबकाचा एक सेक्शन, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणारा बागेचा भाग, पंधरा हजारच घेतो. उरलेल्या दहा हजार लिटरचा दाब लॅटरल फाडू नये, म्हणून बायपास उघडून ते पाणी पुन्हा विहिरीत सोडले जाते. विहिरीत पडणाऱ्या त्या धारेचा आवाज आपल्याकडे इतका सवयीचा झाला आहे की त्यात काही खटकतही नाही. पण ते पाणी पूर्ण उंचीवर उचलून, पूर्ण दाबाने फेकून मग खाली टाकलेले असते. म्हणजे पंपाची ४० टक्के वीज त्या धारेत जाते. उपाय दोनच आहेत: एका वेळी दोन सेक्शन उघडावेत, किंवा पुढची मोटर घेताना संचाच्या गरजेइतकीच घ्यावी. मोठा पंप म्हणजे मोठा शेतकरी, ही समजूत दुसऱ्या उपायाच्या आड येते.

इथवरचा भाग पंपाचा झाला. अचूक सिंचनातला अचूकपणा खरा दिसतो तो वेळेत. पुण्याजवळ मांजरी येथे असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीत पाणी बाष्पीभवनावर मोजलेले आहे. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काडी वाढत असते तेव्हा दर मिलिमीटर बाष्पीभवनामागे हेक्टरी ४२०० लिटर, आणि सुमारे चाळीस दिवसांनंतर सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे डोळ्यात पुढच्या घडाची घडण, सुरू झाली की तेच पाणी एक तृतीयांश, म्हणजे १४०० लिटर. उन्हाळ्यात रोजचे बाष्पीभवन ८ मिलिमीटर धरले, तर पहिल्या अवस्थेत एकरी रोज सुमारे १३,६०० लिटर आणि दुसऱ्या अवस्थेत सुमारे ४,५०० लिटर पाणी लागते. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी ९६८ झाडे बसतात. झाडाला चार लिटरचे दोन ड्रीपर असतील, तर संच तासाला सुमारे ७,७०० लिटर देतो. म्हणजे पहिल्या अवस्थेत पावणेदोन तास पुरतात आणि दुसऱ्या अवस्थेत पस्तीस मिनिटे.

प्रत्यक्षात काय होते? रोज दोन तास, हा गावाचा रिवाज आहे. ऊन तेच, उकाडा तोच, मग पाणी का कमी करायचे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या अवस्थेत दोन तास पाणी दिले तर एकरी रोज अकरा हजार लिटर पाणी गरजेपेक्षा जास्त जाते. शंभर मीटर उचल धरली तर ती रोजची साडेसात युनिट वीज झाली, आणि अशा वीस दिवसांत एकरी दीडशे युनिट. वीज बाजूला ठेवली तरी जास्तीचे पाणी याच दिवसांत वेलीला शेंड्याकडे पळवते. काडी जोमाने वाढते, डोळ्यात घड धरण्याऐवजी बाळी, म्हणजे नुसता ताणा, धरते, आणि त्याचा निकाल ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर कळतो, जेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. पाणी, वीज आणि उत्पन्न हे तिन्ही एकाच दिशेने जाण्याचे असे प्रसंग शेतीत फार थोडे असतात, म्हणून हा प्रसंग मी मुद्दाम आकड्यांसह मांडला.

ओलावा मोजायला महागडे सेन्सरच हवेत, असे नाही. टेन्शिओमीटर हे जुने, साधे उपकरण वाफसा ओळखायला पुरेसे आहे. फक्त ते वीतभर खोलीवर एक आणि दोन फुटांवर एक, असे जोडीने लावावे लागते. वरचे कोरडे आणि खालचे ओले दाखवत असेल, तर पाणी मुळांच्या खाली चालले आहे. मुरमाड रानात हे हमखास घडते, कारण तिथे पाणी आडवे न पसरता सरळ खाली उतरते. तिथे एकदा दोन तासांऐवजी थोड्या वेळाच्या दोन पाळ्या कामी येतात. भारी काळ्या जमिनीत उलटा प्रकार असतो. मोबाइलवर आलेख दाखवणारी यंत्रणा ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी, पण आलेख पाहून व्हॉल्व्ह बंद करण्याची तयारी नसेल तर तिचा खर्च वाया जातो.

मोकळ्या पाण्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो चुकीचा नाही: जास्तीचे पाणी जमिनीत मुरते आणि शेवटी आपल्याच विहिरीत येते, मग वाया कुठे गेले? पाण्यापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. म्हणूनच ठिबकामुळे अमुक लाख लिटर पाणी वाचले, असे आकडे मला थोडे फुगवलेले वाटतात; त्यातले काही पाणी मुळात हरवलेच नव्हते. पण पाणी परत आले तरी त्याला वर आणायला घातलेली वीज परत येत नाही. ते पाणी पुन्हा उचलायला पुन्हा तेवढीच वीज लागते आणि मुरताना ते सोबत नत्रही घेऊन जाते. एकलहऱ्यासारख्या जुन्या औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज बनून बाहेर पडतो. वाहिन्यांतली गळती त्यानंतरची. पंपावरच्या एका युनिटामागे तीन युनिटांहून अधिक उष्णतेचा कोळसा जळालेला असतो.

नत्राचा उल्लेख आला, तर त्याचाही हिशेब द्यायला हवा. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि आपल्याकडच्या कारखान्यांत टनामागे साधारण साडेपाच ते सहा गिगाकॅलरी ऊर्जा खर्च होते. ४५ किलोच्या एका गोणीत त्यामुळे सुमारे तीनशे युनिटांइतकी उष्णता दडलेली असते. व्हेंच्युरीतून खत थेट मुळाशी देऊन हंगामात एक गोणी जरी कमी लागली, तरी ती बचत पंपावरच्या शंभरेक युनिटांच्या बचतीएवढी होते. विद्राव्य खते महाग असतात, हे खरेच; पण खुरपणी, खत फेकणे आणि पाणी भरणे यांची मजुरी त्यांच्या समोर मांडल्याशिवाय ती महाग आहेत की नाहीत, हे ठरत नाही. आज नाशिकमध्ये मजूर मिळणे हीच मोठी अडचण आहे आणि माझ्या मते ठिबकाचा पैशातला सर्वांत मोठा फायदा मजुरीतच आहे, पाण्यात नाही.

पिकापिकात मात्र फरक आहे. द्राक्षाला नऊ फुटांवर एक लॅटरल धरली तर एकरी सुमारे १,४७५ मीटर नळी लागते. कांद्याला चार फुटांच्या गादीवाफ्यावर एकच नळी टाकली तरी ती ३,३०० मीटरवर जाते, सव्वादोन पट. शिवाय कांदा निघाल्यावर नळी गुंडाळा, उंदरांपासून जपा, पुढच्या पिकाला पुन्हा अंथरा. लासलगावला कांद्याचा भाव कोसळलेल्या वर्षी हा खर्च डोळ्यांवर येतो. प्रति थेंब अधिक पीक या केंद्राच्या योजनेत राज्याची भर धरून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण ते मंजूर खर्चमर्यादेवर मिळते, दुकानदाराच्या बिलावर नाही, आणि पैसे आधी आपणच घालायचे असतात. द्राक्ष आणि डाळिंबाला हा व्यवहार सहज बसतो, टोमॅटोला बसतो, कांद्याला मात्र पाण्याची खरोखर टंचाई असेल तिथेच बसतो, असे माझे मत आहे.

आता त्या भाऊंच्या प्रश्नाकडे येतो. बिल शून्य असले तरी वीज अमर्याद नाही. थ्री फेज पुरवठा चक्राकार पद्धतीने मिळतो, दिवसा मिळाला तर आठ तास, नाहीतर रात्री. आणि निफाडच्या गोदाकाठी रात्री उसाशेजारून पाणी भरायला जाणे म्हणजे बिबट्याच्या वाटेवर जाणे. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने वाचलेली वीज म्हणजे वाचलेले तास. दोन तासांचे काम पस्तीस मिनिटांत उरकले, तर त्याच आठ तासांत सगळे सेक्शन दिवसाउजेडी फिरतात. रोहित्रावर एकाच वेळी कमी पंप चालले तर विजेचा दाब टिकतो आणि मोटर जळण्याचे प्रमाण घटते. मोटर रिवाइंड करण्याचा खर्च मात्र कोणतीही योजना भरून देत नाही.

यात एक गैरसोयीची गोष्ट आहे. वाचलेले पाणी विहिरीत राहत नाही. ठिबक आल्यावर दोन एकरांचे चार एकर झाले, चारला पाणी पुरेना म्हणून बोअर घेतले, ते आटले म्हणून दुसरे घेतले. शेतकऱ्याच्या बाजूने हा निर्णय शहाणपणाचाच असतो, पण पातळी खाली गेली की प्रत्येक लिटरची उचल वाढते आणि संचाने वाचवलेली वीज खोली खाऊन टाकते. शेततळ्यांचेही असेच आहे. पालखेडच्या डाव्या कालव्यावर येवल्याकडे आवर्तन मिळते ते कधीतरी आणि ठिबकाला पाणी लागते रोज. तिथे शेततळे हवेच. पण बोअरचे पाणी उचलून तळे भरायचे आणि तळ्यातून पुन्हा दाबाने ठिबकाला द्यायचे, म्हणजे दोन पंप. चाळीस बाय चाळीस मीटरच्या उघड्या तळ्यातून ८ मिलिमीटर बाष्पीभवनाच्या दिवशी १२,८०० लिटर पाणी उडून जाते, म्हणजे जवळपास एका एकर बागेचे त्या दिवसाचे पाणी. तळे टेकाडावर घेता आले तर गोष्ट वेगळी: दहा मीटर उंचीला एक किलो दाब फुकट मिळतो आणि दुसरा पंप लागत नाही.

अलीकडे सौरपंप झपाट्याने येत आहेत आणि त्यांच्याबरोबर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागणार आहे. तिथे वीज खरोखर फुकट आहे, पण ती सूर्याच्या चढउतारावर चालते आणि ठिबकाला दाब स्थिर हवा असतो. सकाळी आठला पंप सुरू होतो, पण पूर्ण सेक्शन उघडला तर शेवटच्या झाडांचे ड्रीपर नुसते ओलसर होतात; दुपारी बाराला तोच सेक्शन एकटा उघडला तर लॅटरलचे जोड सुटतात. यावर सेक्शन लहान करणे हा सोपा मार्ग आहे: दर एकराचे दोन व्हॉल्व्ह करावेत, सकाळी एक उघडावा, दहा-साडेदहानंतर दोन, ऊन कडक असेल तर तीन, आणि साडेतीननंतर पुन्हा एकावर यावे. खत शक्यतो अकरा ते दोनमध्येच सोडावे, कारण व्हेंच्युरी दाबाच्या फरकावर ओढते आणि सकाळच्या मंद दाबात ती खत ओढतच नाही.